बाईच्या मापाची पँट

आधी काकूंचं सांगते. पुढचं सांगताना माझा आवाज चढणार आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून जिचे उपकार आहेत तिचं सांगून झालेलं बरं.

शनिवार पेठेत काकूंचं अस्तर-बटणांचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवरून मागणी सांगायची, एवढंच. काकू सत्तरीला टेकल्यात, पण माळ्यावरचा कापडाचा ताका शिडी लावून स्वतः काढतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाबरत घाबरत म्हटलं, एका पँटला जोडायला साधारण निळ्या रंगाचं कापड पाहिजे. काकू चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "साधारण म्हणजे कोणाच्या डोळ्यांनी? तुमच्या की माझ्या?" मी तशीच परत निघाले तर मागून आवाज आला, "अहो, रुसायला मी तुमची सासू नाही. पँटच्या आतल्या दुमडीतून नखाएवढा तुकडा कापून आणा. रंग तो सांगेल, तुम्ही नका सांगू."

दुसऱ्या दिवशी तुकडा घेऊन गेले. त्यांनी रंग जुळवून दिला, आणि वर ताक्याच्या टोकाचे सात-आठ तुकडे पिशवीत कोंबले. हे कशाला, म्हटलं, तर म्हणाल्या, कचऱ्यात जाणारच होते, माझी कचऱ्याची फेरी वाचली. नंतर दीड-दोन वर्षं दर खेपेला त्यांच्याकडे नेमका माझ्याच रंगाचा कचरा निघत राहिला. मी मूर्ख नाही. पण त्यांना तसं बोलून दाखवलं असतं तर त्यांनी दुकानात पाय ठेवू दिला नसता.

मी भंडारा जिल्ह्यातली. शाळा आठवीत सुटली. नववीचा वर्ग सात किलोमीटरवर होता, घरात सायकल एक होती, ती भावाकडे गेली. कोणी दुष्टपणा केला नाही, कोणी रडलंही नाही. सायकल त्याच्याकडे जाणार हे इतकं ठरलेलं होतं की कोणी ठरवलंच नाही. मग आमच्या बुद्धविहारात शिवणाचा वर्ग सुरू झाला, तिथे बसले. लग्नानंतर पुण्याला आले. नवरा खराडीच्या एका आयटीच्या इमारतीत एसीच्या मशिनांवर काम करतो. त्याच आवाराच्या मागच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीला लागून, पत्र्याचा एक आडोसा मिळाला, तिथे मशीन मांडलं. पाटीवर एकच शब्द, अल्टरेशन. आयटीतली मुलं जीन्सच्या मोहऱ्या आखूड करायला येतात, मुली कुर्त्याच्या बाह्या. घरी आईला फोन केला की ती विचारते, "तिकडे कोनी तुले बोलते काय व?" मी सांगते, बोलतात. आडोशाला कुलूप लावून निघाले की तीनदा मागे वळून ते ओढून बघते, आणि बसमध्ये बसल्यावर वाटतं, चौथ्यांदा बघायला हवं होतं. असा माझा स्वभाव. माणूस लांब येऊन राहिलं की असं होत असेल.

मापं मी आधी चिंध्यांवर घ्यायचे. एका गिऱ्हाइकाची एक पट्टी, कंबरेला एक काप, सीटला दोन, लांबीला तीन. टेपवरच्या बारक्या रेषा मला कळत नव्हत्या आणि कळत नाहीत हे कुणाला कळू नये म्हणून ही युक्ती. काकूंनी एकदा त्या चिंध्यांचा जुडगा बघितला. हसल्या नाहीत. गल्ल्यावरच टेप पसरून सव्वा, साडे, पाऊण कसं बघायचं ते शिकवलं, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती तरी. मग एक वही दिली. चिंधी हरवली तर माणूस हरवतं, म्हणाल्या, वहीत लिही. तेव्हापासून त्या मला "अगं" म्हणायला लागल्या.

आता पँटचं.

आयटीच्या आवारात फाटकावर बायका गार्ड असतात. तुम्ही बघितल्या असतील, किंवा बघितल्याच नसतील, कारण त्यांच्याकडे बघून कोणी आत जात नाही, कार्ड दाखवून जातात. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, कमरेला पट्टा. ती पँट पुरुषाच्या मापाची असते. बाईला द्यायची म्हणून वेगळी कापलेली नसते, लहान, मध्यम, मोठी, जी निघेल ती. सीटला बसली तर कंबरेला चार बोटं ढिली. कंबरेला बसली तर मांडीत शिवण उसवते. म्हणून मोठी घ्यायची, पट्ट्याने आवळायची आणि मागे सेफ्टी पिन लावायची. गाडी आली की गाडीखाली आरसा धरून वाकावं लागतं. वाकलं की पँट मागून खाली येते. मी समोर मशीनवर बसून रोज बघत होते: एका हातात आरशाची काठी, दुसरा हात मागे कमरेवर. गाडीतला माणूस काच खाली करून हसतो.

आणि हे तर काहीच नाही. बारा तासांची ड्यूटी, मध्ये दहा मिनिटं सुटका. पट्टा, पिन, बटण, हे सगळं काढून परत घालण्यात दहा मिनिटं जातात, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात, फाटकावर, पाणी पीत नाहीत. पाळीच्या दिवसांचं मी लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

त्यातली एक दौंडकडची होती. तिला मी गार्डताई म्हणायचे. तिने पहिल्यांदा पँट आणून माझ्या मशीनवर टाकली आणि म्हणाली, "ह्यात मी हाय की मालक हाय, तेच कळंना झालंय. कायतरी कर." मी ती उसवली. मागच्या बाजूने कंबर आत घेतली, सीट मोकळी केली, आसन, म्हणजे दोन पायांमधला जोड, दोन बोटं वर नेलं, मांडीत कळी, म्हणजे जादा तुकडा, घातली. काकूंच्या कचऱ्यातली. दुसऱ्या दिवशी ती फाटकावर वाकली आणि तिचा दुसरा हात मोकळा होता. तिने मुद्दाम माझ्याकडे बघून तो हलवला. त्या आठवड्यात पाच जणी आल्या, महिन्याभरात सगळ्या. स्वतःच्या खिशातून. म्हणजे कंपनीने न बसणारे कपडे द्यायचे आणि ते बसवायचा खर्च गार्डनं करायचा. हे कुणाला चुकीचं वाटत नव्हतं. त्यांनाही नाही.

मला वाटायला लागलं. मी काकूंना सांगितलं, ही पँट मुळातच बाईच्या मापाची शिवली तर? मला शिवता येईल. काकू पुढच्या खेपेला म्हणाल्या, दुसऱ्या शनिवारी दुपारी ये, तुला एका ठिकाणी न्यायचंय, साडी बरी नेस, आणि तोंडावर ते घाबरल्याचं पांघरूण नको.

ते ठिकाण म्हणजे उद्योग करणाऱ्या बायकांचा मेळावा. काकूंच्याच दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, वरच्या मजल्यावर एक हॉल. पंचवीसेक बायका. कोणी केकवाली, कोणी साड्यांवर रंगकाम करणारी, कोणाचा ऑनलाइन दागिन्यांचा धंदा. प्रत्येकीच्या छातीवर नावाची चिठ्ठी. चहाच्या वेळी एकीने मला गोड आवाजात विचारलं, आडनाव काय तुमचं? मी सांगायच्या आत काकू म्हणाल्या, "आडनाव शिवत नाही. ती शिवते." बाईंनी बिस्किट घेतलं आणि दुसरीकडे गेल्या.

तिथली एक पद्धत होती. प्रत्येकीला एक कागद. वर आपलं या वर्षीचं उद्दिष्ट लिहायचं आणि कागद उजवीकडे सरकवायचा. तो गोल फिरतो, प्रत्येक जण खाली एक सल्ला लिहिते, फिरून तो तुमच्याकडे येतो. मग उभं राहून वाचून दाखवायचं. समोर खुर्चीवर मार्गदर्शक बाई. सगळ्या त्यांना मॅडम म्हणत होत्या. मोठा कारखाना आहे, हाताखाली साठ-सत्तर माणसं आहेत, एवढं मला सांगितलं होतं. कसला कारखाना ते मी विचारलं नाही. मी विचारलं नाही, ही माझी चूक. त्यावर पुढे येतेच.

मी लिहिलं: सिक्युरिटीच्या बायकांसाठी बाईच्या मापाची पँट शिवायची आहे. कागद फिरून आला. तो अजून माझ्याकडे आहे. मोठी स्वप्नं बघा. अल्टरेशन हा शब्द वापरू नका, फिट स्टुडिओ म्हणा. रील टाका. इंग्रजी सुधारा. बुटीक काढा, गार्डच्या पँटला ग्लॅमर नाही. आत्मविश्वास वाढवा. परत एकदा, मोठी स्वप्नं बघा. पंचवीस बायकांपैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की आत्ताच्या पँटला झालंय काय. मला एवढा राग आला की मी कागदाची सारखी घडी घालून उलगडत बसले, आणि त्यांना वाटलं मी घाबरले. एकीने पाण्याचा ग्लास पुढे केला. एकच ओळ कामाची होती, सगळ्यात खाली, तिरक्या अक्षरात: खिसा विसरू नकोस. अक्षर काकूंचं.

माझी पाळी आली. गार्डताईची आणखी एक पँट त्या दिवशी माझ्या पिशवीत होती, दुरुस्तीला आलेली, पिनेसकट. मी ती काढून सगळ्यांसमोर धरली. ही बघा, म्हटलं. इथे ढिली, इथे तंग, इथे पिन टोचते. वाकल्यावर काय होतं ते मी वाकून दाखवलं. हॉलमध्ये थोड्या हसल्या, थोड्या खाली बघायला लागल्या. मला चेव आला. आठवीत सुटलेल्या शाळेनंतर पहिल्यांदा मी उभं राहून बोलत होते आणि लोक ऐकत होते. मी म्हटलं, "ही ज्याने कापली त्याने जन्मात बाईचं माप घेतलेलं नाही."

हसणाऱ्या हसायच्या थांबल्या. मला वाटलं, पटलं.

मॅडम हसून म्हणाल्या, "मी कापते. माझ्या कारखान्यात. द्या बघू."

मी पँट त्यांच्या हातात दिली. काय करणार होते? त्यांनी ती उलटी केली, कमरेची पट्टी उलगडून आत बघितलं, नीट घडी घातली आणि परत दिली. मला वाटलं, शिलाई बघतायत. मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की ही ताई प्रामाणिक आहे, पण धंद्यात भावना चालत नाहीत, बायकांसाठी वेगळा कट काढला तर कापड जास्त जातं, माप वेगळं ठेवावं लागतं, परवडत नाही, आणि गार्डची तक्रार असेल तर तिने ती ऑफिसात करावी. बायकांनी माना डोलावल्या. एकीने वहीत लिहूनही घेतलं.

तेव्हा मागच्या रांगेतून काकू उभ्या राहिल्या. मध्ये बोलायची त्यांची पद्धत नव्हती, वर्षानुवर्षं त्या तिथे येऊन नुसत्या बसत असत म्हणे. आवाज न चढवता म्हणाल्या, "एकोणीस वर्षं त्या पँटची बटणं तू माझ्याकडून नेते आहेस. एकदा ती पँट स्वतः घाल. पट्टा लाव. मग वाक. मग आपण परवडण्याचं बोलू."

मॅडमचा चेहरा तसाच हसरा राहिला. "काकू, तुम्ही मोठ्या आहात," एवढंच म्हणाल्या. पुढच्या बाईने आपल्या केकचं उद्दिष्ट वाचायला घेतलं.

जिना उतरताना मी काकूंना म्हटलं, माझ्यामुळे तुमचं गिऱ्हाईक दुखावलं. काकू म्हणाल्या, तिच्या कानावर पडावं म्हणूनच तुला नेलं होतं. गिऱ्हाईक दुखावत नाही, गिऱ्हाईक येतं किंवा जातं. आणि रिक्षाला हात केला.

दहा दिवसांत फाटकावर कागद लागला. बाहेरून बदल केलेला गणवेश चालणार नाही, आढळल्यास दंड. इथपर्यंत मी रागावले असते आणि थांबले असते. पण त्याच आठवड्यात गार्डताईची बदली झाली. खराडीतून उचलून मांजरीच्या पलीकडे एका टाइल्सच्या गोदामावर. कारण काय, तर कारण नाही, गरज आहे.

मला कळायला एक दिवस लागला. दुसरी एक गार्ड पँट घेऊन आली होती, उसवून पूर्वीसारखी करून दे म्हणून. पूर्वीसारखी, म्हणजे न बसणारी. मी पँट उलटी केली, आणि कमरेच्या पट्टीच्या आत मार्करने लिहिलेला आकडा दिसला. नोकरी सोडताना गणवेश परत करायचा असतो, म्हणून प्रत्येकीचा नंबर आत लिहिलेला असतो. मी शेकडो वेळा ती पट्टी उसवली होती. शेकडो वेळा तो आकडा बघितला होता. आणि तोच आकडा मी स्वतःच्या हाताने, पंचवीस बायकांसमोर, ज्यांनी वाचायला नको त्यांच्या हातात दिला. शिलाई बघत होत्या म्हणे.

मला सिद्ध करता येणार नाही. कदाचित मॅडमनी गार्डच्या कंपनीला फोन केला नसेल. कदाचित खरंच गोदामावर गरज असेल. पण सल्ला द्यायला खुर्चीवर बसलेल्या बाईने, धंदा कसा करावा हे विचारायला आलेल्या बाईच्या पिशवीतली पँट उलटी करून बघावी आणि दहा दिवसांत हे सगळं व्हावं, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. आणि माझा राग नुसता त्यांच्यावर नाही. तो त्या माना डोलावणाऱ्यांवर आहे, ज्यांच्या घरी मुली आहेत, ज्यांच्या सोसायटीच्या फाटकावर तीच पँट घालून तीच बाई उभी असते आणि त्यांची गाडी आत घेते. तो माझ्यावरही आहे. कुलूप तीनदा ओढून बघणारी मी, आणि पँट हातातून देताना तिची पट्टी एकदा बघितली नाही.

गार्डताईची मुलगी तिसरीत. आधी तिला शाळेत सोडून ती आठच्या ड्यूटीला फाटकावर पोचायची. आता तिला सहालाच घर सोडावं लागत होतं, दोन बस, मध्ये हडपसर. मुलगी शेजारणीकडे बसून राहायची, शाळेची वेळ होईपर्यंत. हे मला तिने सांगितलं नाही. फाटकावरच्या दुसऱ्या गार्डने सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मी काकूंकडे गेले आणि रडले. दुकानात गिऱ्हाईक होतं. काकूंनी त्याला आधी झिप मोजून दिली, मग माझ्याकडे वळल्या. रडून झालं का, असं विचारून एक निळा ताका काढला, पूर्ण नवा, आणि गल्ल्यावर आपटला.

"तक्रार नको लिहूस. तुझं अक्षर आणि तिची नोकरी, दोन्हीला झेपायचं नाही. पँट शीव. उसवून जोडलेली नाही, पहिल्यापासून. आणि अशी शीव की बाहेरून बघणाऱ्याला फरक कळता कामा नये."

मी चार दिवस शिवली आणि तीनदा उसवली. पुढून अगदी त्यांच्यासारखी, तीच बटणपट्टी, तेच लूप, तोच निळा. आतून बाईची. आसन वर, मागे कंबरेत लपवलेलं इलास्टिक, म्हणजे पट्टा न काढता पँट सरकवता येते. बटणं काकूंनी त्याच खोक्यातली दिली ज्यातली कारखान्यात जायची. आणि खिसा. पुरुषाच्या पँटएवढाच खोल. बायकांच्या कपड्यांचा खिसा हा एक वेगळाच विनोद आहे, नाणं टाकलं तर नाणं बाहेर डोकावतं. मी हात मनगटापर्यंत जाईल असा केला.

ती घेऊन मी मांजरीला गेले. गोदाम सापडायला वेळ लागला, एका बाजूला ऊस, एका बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे. गार्डताई फाटकाजवळ स्टुलावर बसली होती. मला बघून उठली नाही. हॉलमध्ये काय झालं ते मी फाटकावर सांगितलं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"आलीस व्हय. आता काय हॉलमधी ऱ्हायलंय दावायचं? मला पन ने की एकदा, उभी करते मी सवताला."

मी पँट तिच्या मांडीवर ठेवली. तिने सवयीने आधी कमरेची पट्टी उलटी केली आणि आत कोरं बघून माझ्याकडे बघितलं. नंबर तूच घाल, मी म्हटलं, तुझ्या हाताने, आणि कुणाला दाखवायचा ते तू ठरव. ती केबिनच्या आड जाऊन घालून आली. दोनदा वाकली, एकदा उकिडवी बसली, खिशात हात घातला, आणखी आत घातला. मग पाण्याची बाटली उचलून अर्धी संपवली. एवढंच. मग म्हणाली, पुढची बस सव्वासहाला हाय, चुकवू नको.

तीन आठवडे तिने ती पँट घातली. मध्ये फील्ड ऑफिसर तपासणीला दोनदा आला, गणवेश बघितला, बूट बघितले, सही करून गेला. त्याला काही दिसलं नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने स्वतःच त्याला थांबवलं. कंपनीची पँट आणि माझी पँट टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाली, साहेब, यातली कुठली नियमातली ते ओळखा. त्याने चुकीची उचलली. मग ती बोलली. पाण्याचं, दहा मिनिटांचं, सगळं. मी तिथे नव्हते, पण तिने ते मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा साहेबाचा चेहरा करून दाखवला. तो म्हणाला होता, मग यात बिघडतंय काय?

काही बिघडत नव्हतं. हेच तर मी सांगत होते.

त्याने वर लिहिलं. ऑफिसातून मला बोलावणं आलं, आणि त्या गोदामावरच्या नऊ बायकांसाठी, चाचणी म्हणून, माझ्या पँटी घ्यायचं ठरलं. नऊ. खराडीच्या फाटकावर तोच कागद अजून चिकटलेला आहे, तिथल्या बायका परत पिन लावून उभ्या आहेत, आणि गार्डताई अजून दोन बस बदलून मांजरीला जाते. मी बदलीचं विचारलं तेव्हा ऑफिसातला माणूस म्हणाला की तो विषय वेगळा. मला तरी तो एकच दिसतो.

यानंतर जे झालं त्याने माझं डोकं खरं फिरलं. मेळाव्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅडमनी टाकलं: आपल्या व्यासपीठावर मांडलेलं एका भगिनीचं उद्दिष्ट पूर्ण, आपणा सगळ्यांच्या मार्गदर्शनाचं हे यश, एकमेकींना असंच वर आणू या. खाली फुलं, टाळ्या, जोडलेले हात. केकवालीने लिहिलं, मी तेव्हाच म्हटलं होतं, मोठी स्वप्नं बघा. मी फोन हातात घेऊन लिहीत होते आणि पुसत होते. अर्ध्या तासाने काकूंचा मेसेज आला. त्या एका बोटाने टाइप करतात. "मार्गात अडथळे कोणी आणले होते तेही लिहावे. नवीन मुलींना उपयोग होईल." त्यानंतर ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी व्यवस्था झाली.

नऊ पँटींची बटणं घ्यायला मी काकूंकडे गेले. दुकान अरुंद झाल्यासारखं वाटलं. माळ्यावर, शिडीखाली, पायरीच्या आतल्या अंगाला, सगळीकडे तीच खोकी रचलेली. निळ्या पँटची, चार भोकांची बटणं. एवढी का, मी विचारलं. काकू म्हणाल्या, उंदरांना आवडतात. मी हसले नाही. मग मला उमगलं. कारखान्याची वर्षाची बटणं काकू आधीच भरून ठेवतात, एकोणीस वर्षं तसं चाललं होतं. त्या शनिवारनंतर कारखान्यातून कोणी न्यायला आलेलं नव्हतं. आणि येणार नव्हतं. काकूंना त्या दुपारी उभं राहायच्या आधी हे माहीत होतं. त्या बटणांचाच उल्लेख करून त्या बोलल्या होत्या.

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, किती हवीत ते सांग, मागे गिऱ्हाईक आहे. मागे कोणी नव्हतं.

मी नऊ पँटींची घेतली. हिशेब लावून बघितला, त्याने एक खोकंसुद्धा अर्धं होत नाही.

काकू, हे तुमच्या हातात पडलं तर तुम्ही आधी माझं शुद्धलेखन काढाल, ते काढा. पण एक लिहून ठेवते. पुण्यात जेवढी फाटकं आहेत त्या सगळ्यांवर बायका उभ्या आहेत आणि त्या सगळ्या कधी ना कधी वाकतात. मी एकेक फाटक करत येईन. एक दिवस तुमच्या पायरीशी टेम्पो लावीन, शिडी तुम्हाला चढू देणार नाही, आणि माळ्यापासून पायरीपर्यंतची सगळी खोकी मी स्वतः उतरवीन, शेवटच्या बटणापर्यंत. तोवर उंदरांना सांगा, हात लावू नका, ती माझी आहेत.